कॅमेरा घेण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा

वाचकाचे पत्र : मी सत्तावीस वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. बी. कॉम. झाल्यावर सांगलीच्या एका स्टुडिओबरोबर कँडिड फोटोग्राफर म्हणून लग्नांना जाऊ लागले, त्याला आता चार वर्षे झाली. ऑर्डरच्या दिवसाला मला साडेतीन हजार रुपये मिळतात. कॅमेरा माझा स्वतःचा आहे, पण जुना आणि क्रॉप सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारा भाग लहान असलेला. मी काढलेले फोटो स्टुडिओच्या नावाने प्रसिद्ध होतात आणि ते माझ्या इन्स्टाग्रामवर टाकायला मालकांची मनाई आहे. आता मला स्वतःच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. त्यासाठी फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दोन लेन्स मिळून चार लाखांचे कर्ज काढावे, असा विचार आहे. दर किती ठेवावा ते कळत नाही. कमी सांगितला तर परवडत नाही, जास्त सांगितला तर पार्टी दुसरीकडे जाते. पावसाळ्यात चार महिने हाताला काम नसते. बाबा म्हणतात, ही हौस झाली, बँकेच्या परीक्षा दे. घरात स्थळे बघणेही सुरू आहे. कर्ज काढावे का, मी काढलेल्या फोटोंवर माझा हक्क आहे का, आणि या व्यवसायात आयुष्य काढता येते का? मालकांना सोडण्याबद्दल कधी आणि कसे सांगावे, तेही कृपया कळवावे.

उत्तर : तुमच्या प्रश्नांपैकी कर्जाचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. हे चार लाखांचे कर्ज आत्ता काढू नका. तुमच्या कामाविषयी शंका आहे म्हणून मी हे सांगत नाही. एकाच स्टुडिओने चार वर्षे तुम्हाला पुन्हा पुन्हा बोलावले, यात तुमच्या हाताची पारख झालेली आहे. अडचण आहे ती आपल्याकडच्या लग्नसराईच्या वेळापत्रकात. बारा टक्के व्याज आणि तीन वर्षांची मुदत धरली तर ४ लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १३,३०० रुपये होतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकात तुळशीची लग्ने होईपर्यंत विवाहमुहूर्त नसतात. काही पंचांगांत गौण काळातले मुहूर्त दिलेले असतात, पण त्यांच्या भरवशावर वर्ष बेतता येत नाही. म्हणजे लग्नाची एकही ऑर्डर नसताना त्या चार महिन्यांच्या नुसत्या हप्त्यांपोटी ५३ हजार रुपये तुम्हाला आधीच्या कमाईतून बाजूला काढून ठेवावे लागतील. त्यात पौष कोरडा जातो आणि अधिक मास आला की गणित आणखी बिघडते. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मासच पाच महिन्यांचा झाला होता, आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ तर १७ मे ते १५ जून असा ऐन हंगामात येतो. बँकेचा हप्ता मुहूर्त पाहून येत नाही.

फुल फ्रेम बॉडी मंद प्रकाशात अधिक स्वच्छ चित्र देते हे खरे आहे, आणि रात्रीच्या रिसेप्शनला तो फरक दिसतोही. परंतु आज तुमच्यापुढचा मोठा धोका चित्रातल्या नॉइजचा, म्हणजे दाणेदारपणाचा नसून एकाच बॉडीवर विसंबून राहण्याचा आहे. स्टुडिओबरोबर असताना कॅमेरा बंद पडला तर शेजारच्या सहकाऱ्याची दुसरी बॉडी हाती घेता येते. स्वतःच्या ऑर्डरवर ती सोय उरत नाही. म्हणून पहिली खरेदी दुसऱ्या बॉडीची करा. ती तुमच्या सध्याच्या लेन्स बसतील अशी, शक्यतो दोन मेमरी कार्डे घेणारी असावी, आणि वापरलेली असली तरी चालेल. वापरलेली बॉडी घेताना मूळ बिलावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहा आणि शटर किती वेळा पडले आहे ती नोंद बघा. लेन्स असेल तर मागच्या बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून आत बुरशीचे धागे नाहीत ना, याची खात्री करा. आपल्या पावसाळ्यात कपाटात तशीच ठेवलेली लेन्स एका हंगामात बुरशी धरू शकते, म्हणून तुमच्याकडची सामग्रीही सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवत चला. ८५ मिलिमीटरची एफ १.८ प्राइम (झूम नसलेली) लेन्स, दोन फ्लॅश आणि खात्रीची कार्डे एवढ्यावर पहिला हंगाम उत्तम निघतो. ७०-२०० सारखी महाग झूम लेन्स लागेल त्या तारखेपुरती भाड्याने आणा आणि ते भाडे पार्टीच्या दरात धरा. पुढच्या हंगामाच्या बऱ्याच तारखा जेव्हा अ‍ॅडव्हान्ससह तुमच्या वहीत चढलेल्या असतील, तेव्हा कर्जाचा विचार जरूर करा. मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंतचे कर्ज तारण न ठेवता मिळू शकते, आणि त्या वेळी तुमची वहीच बँकेला दाखवायला कामी येईल.

आता दराविषयी, कारण माझ्या मते हा व्यवसाय टिकतो की बुडतो ते इथेच ठरते. चांगले फोटो काढणारे अनेकजण पाच-सहा वर्षांत हा व्यवसाय सोडून जातात, आणि त्यामागे बहुतेक वेळा कलेतली उणीव नसते. इतर काय घेतात एवढेच विचारून ठरवलेला दर असतो. तुम्ही वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहात, तेव्हा हा हिशेब तुम्हाला जड जाणार नाही. समजा, घरखर्च आणि बचत मिळून तुम्हाला महिन्याला २५ हजार रुपये हवेत, म्हणजे वर्षाचे ३ लाख झाले. कॅमेरे, लेन्स आणि संगणक हा सगळा संच उद्या ४ लाखांचा होईल आणि चार वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाची झीज १ लाख येते. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा आणि दुरुस्तीला ६० हजार, फोन, इंटरनेट, जाहिरात आणि हिशेबनिसाला ४० हजार धरा. एकूण ५ लाख झाले. वर्षात तुम्ही स्वतःचे किती दिवस विकू शकता? मुहूर्त मोजके असतात, चांगल्या मुहूर्ताला चार घरची लग्ने एकाच दिवशी येतात आणि त्यांतले एकच तुम्हाला घेता येते. शिवाय एका लग्नाच्या दिवसामागे निवड, रंगसुधारणा, अल्बमचे डिझाइन आणि दुरुस्त्या यांत आणखी तीन-चार दिवस जातात. म्हणून लग्नाचे ४० दिवस म्हणजे भरलेले वर्ष समजा. ५ लाखांना ४० ने भागले की दिवसाचे १२,५०० रुपये येतात, आणि त्यात सहायकाचा पगार, प्रवास व अल्बमची छपाई अजून धरलेलीच नाही. आज मिळणारे साडेतीन हजार आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहून पाहा, म्हणजे ‘कमी सांगितला तर परवडत नाही’ हे तुमचे म्हणणे किती अचूक आहे ते दिसेल.

पहिल्याच वर्षी ४० तारखा मिळणार नाहीत. समजा, १२,५०० रुपयांनी स्वतःच्या १५ मिळाल्या आणि इतर ३० दिवस तुम्ही दुसऱ्या स्टुडिओंबरोबर साडेतीन हजारांनी गेलात, तर वर्षाचे २ लाख ९२ हजार ५०० रुपये होतात. मोठा संच अजून घेतलेला नाही, राहणे आई-बाबांच्या घरी आहे, तेव्हा एवढ्यावर वर्ष निघू शकते. मात्र याच रकमेत १३,३०० रुपयांचा हप्ता घालून पाहिला की वर्ष कसे कोलमडते, ते वेगळे सांगायला नको. म्हणूनच पहिली दोन वर्षे इतरांच्या ऑर्डरला जाण्यात कमीपणा मानू नका. फक्त एका स्टुडिओवर न राहता दोन-तीन स्टुडिओंशी संबंध जोडा आणि त्या कामाचाही दर वाढवून मागा. चार वर्षांच्या अनुभवाला पहिल्या वर्षाचा दर शोभत नाही.

पार्टी घासाघीस करू लागली की दर उतरवू नका, काम उतरवा. प्री-वेडिंग वगळता येते, अल्बमची पाने कमी करता येतात, हळदीचा दिवस अर्धा करता येतो. त्याच कामाचे पैसे तुम्ही कमी केलेत तर पहिला आकडा फुगवलेला होता असा अर्थ निघतो, आणि ती बातमी पावण्यांत तुमच्या फोटोंच्या आधी पोहोचते.

वधूवरांचे घर तुम्हाला नेमके कशाचे पैसे देते, याचाही विचार करा. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की वधूचा मामा तिच्या मागे उभा राहतो, लोक अक्षता मुठीत घेऊन पुढे सरकतात, पाचपंचवीस मोबाइल वर होतात, व्हिडिओवाल्याचा दिवा वराच्या डोळ्यांवर येतो आणि मागच्या एलईडी पडद्यामुळे दोघांचे चेहरे जांभळे दिसू लागतात. त्यानंतर अंतरपाट बाजूला होतो आणि दोघे एकमेकांकडे पाहतात, ते दोन-तीन सेकंद पुन्हा घडवून आणता येत नाहीत. ते टिपायचे तर दुसऱ्या-तिसऱ्या अष्टकेलाच जागा धरलेली असावी लागते, भटजींना आणि मामांना आधी नम्रपणे सांगून ठेवलेले असावे लागते, एलईडीवाल्याला तेवढ्यापुरता पडदा पांढरा करायला लावलेले असावे लागते आणि व्हिडिओवाल्याशी दिव्याची उंची ठरलेली असावी लागते. तुम्ही हे चार वर्षे करत आला आहात, म्हणून कदाचित तुम्हाला त्याचे मोल वाटत नसेल. परंतु चांगला मोबाइल घराघरांत असताना लोक फोटोग्राफरला बोलावतात ते याच भरवशासाठी, आणि तो भरवसा तुमच्या दरात उतरला पाहिजे.

त्या भरवशाचा दुसरा भाग कार्यालयातून निघाल्यावर सुरू होतो. कितीही रात्र झाली तरी कार्डे रिकामी केल्याशिवाय झोपू नका. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातलगाकडे ठेवलेल्या डिस्कवर असावी. तिन्ही प्रती उघडून पाहीपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. फोटो हरवले तर पैसे परत देऊन विषय संपत नाही. पार्टी ग्राहक आयोगाकडे नुकसानभरपाई मागू शकते, आणि तालुक्याच्या गावात त्याहून अधिक नुकसान गेलेल्या शब्दाचे होते.

याच कारणाने पहिल्या ऑर्डरपासून सगळे कागदावर घ्या. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून लेखी घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी समजूत आहे, आणि तुमच्या सुरुवातीच्या ऑर्डर तर ओळखीतूनच येणार आहेत. तरीही दोन पानांचा साधा मराठी करार करा, वकिलाला एकदा दाखवून घ्या आणि तोच सर्वांना द्या, म्हणजे कोणालाही वेगळे वागवल्यासारखे होणार नाही. त्यात तारीख, वेळ, किती माणसे येतील, सुधारलेले फोटो साधारण किती मिळतील, अल्बमची पाने किती, दुरुस्त्या किती वेळा, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावे लागल्यास तासाचा दर, आणि निवडून झाल्यावर मूळ फाइली किती महिने जपून ठेवणार हे सर्व यावे. लग्न पुढे ढकलले गेले किंवा मोडले तर अ‍ॅडव्हान्सचे काय, हे आजच लिहिलेले बरे, कारण त्या दिवसात त्या घराशी पैशांची बोलणी करणे कोणालाही नकोसे होते. पैशांची विभागणी अशी ठेवा की तारीख राखताना ४० टक्के, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि अल्बम लॅबला छापायला पाठवण्याआधी उरलेले १० टक्के मिळतील. लग्न पार पडले की प्रत्येक घरात मांडववाला, आचारी आणि कार्यालयाची बिले एकदम येतात. अर्धी रक्कम मागे ठेवली तर तुमचा नंबर त्या रांगेत शेवटचा लागतो. तुम्ही स्त्री आहात आणि रात्री-अपरात्री परतावे लागते, म्हणून परतीचे वाहन किंवा मुक्कामाची स्वतंत्र खोली ही अटही निःसंकोच लिहा. सहायक म्हणून कायम एकच विश्वासू व्यक्ती बरोबर ठेवा आणि तिचा खर्च दरात धरा. ड्रोनची मागणी आली तर ड्रोन विकत घेऊ नका. २५० ग्रॅमहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र असावे लागते, तेव्हा प्रमाणपत्रधारकालाच त्या दिवसापुरते बोलवा.

फोटोंवरच्या हक्काचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. परंतु कलम १७ प्रमाणे एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. म्हणजे ज्यांनी पैसे देऊन काम करवून घेतले त्यांच्या संमतीशिवाय ते फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क तुमच्याकडे नाही, आणि मालकांची मनाई तुम्हाला खुपत असली तरी ती मोडू नका. मात्र कलम ५७ ने कर्त्याला एक वेगळा अधिकार दिलेला आहे, तो म्हणजे ही कृती माझी आहे असे सांगण्याचा, आणि कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी तो अधिकार राहतो. त्याच्या आधारे भांडण काढावे असे मी सुचवत नाही. तुमच्या सर्वोत्तम कामातले पंधरा-वीस फोटो निवडा, मालकांकडे ते कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची लेखी परवानगी मागा, ‘अमुक स्टुडिओसाठी’ असा उल्लेख करण्याची तयारी दाखवा आणि त्या वधूवरांचीही संमती घ्या. मालक नाही म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा आणि चुलत-मावस भावंडांच्या साखरपुड्यापासून, खर्चापुरते पैसे घेऊन का होईना, स्वतःचे नमुने उभे करा. यापुढच्या स्वतःच्या करारांत मात्र कॉपीराइट तुमच्याकडे राहील आणि वधूवरांना घरगुती वापराची पूर्ण मुभा असेल, असे कलम घाला. फोटो प्रसिद्ध करण्याची संमती वेगळ्या सहीने घ्या, आणि ज्यांना ती द्यायची नसेल त्यांचा मान राखा.

नावाची तुमची खंत मला क्षुल्लक वाटत नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ साली पद्मविभूषणच्या मानकरी ठरल्या. तरी त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत असत, कारण त्यांचे स्वतःचे नाव तेव्हा कोणाच्या ओळखीचे नव्हते. नावावाचून काम करण्याचा काळ मोठ्या लोकांच्याही वाट्याला आला. तुमचा तो काळ चार वर्षांचा झाला आहे, आणि तो आता संपवावा हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते.

पावसाळ्याच्या चार महिन्यांविषयी मला तुमच्यापेक्षा अधिक आशा वाटते, याचे कारण तुमचा जिल्हा. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तासगावचा बेदाणा देशभर जातो, मिरजेत रुग्णालयांची दाटी आहे, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत, आणि तासाभराच्या अंतरावर शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीज आहेत. या सगळ्यांना संकेतस्थळासाठी, माहितीपत्रकासाठी, प्रदर्शनासाठी आणि ऑनलाइन विक्रीसाठी फोटो लागतात, आणि त्यांतले पुष्कळसे आज मोबाइलवर, ट्यूबलाइटखाली काढलेले असतात. पावसाळी ढगाळ उजेड वस्तूंच्या फोटोंना फार चांगला असतो. उत्तरेची एक खिडकी, समोर पांढरा थर्माकोल, तिपाई आणि तुमची आत्ताची क्रॉप सेन्सरची बॉडी एवढ्यावर हळकुंडाच्या मोडलेल्या कडेचा केशरी रंग किंवा बेदाण्यावरची सुरकुती जशीच्या तशी दाखवता येते. दागिन्यांचे काम मात्र लगेच घेऊ नका. सोन्यात आजूबाजूची प्रत्येक वस्तू प्रतिबिंबित होते आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. सुरुवातीला दोन-तीन व्यापाऱ्यांकडे त्यांच्याच मालाचा एकेक चांगला फोटो छापून घेऊन जा. तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद अधिक काम करील.

कंपन्यांचे काम घेताना उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या कायद्याने ग्राहक कंपनीवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखा विभागाची वागणूक बदलते. फोटो कशासाठी आणि किती काळ वापरले जाणार हेही बिलात लिहा. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखीच असावे लागते आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. जीएसटीची चिंता वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत तुम्हाला नाही, परंतु आयकराचे विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरा. कंपन्या पैसे देतानाच कर (टीडीएस) कापतात तो त्यातूनच परत मिळतो, आणि बँकही कर्ज देताना तीच विवरणपत्रे मागते.

याच महिन्यांत एक काम कोणाच्याही ऑर्डरशिवाय, स्वतःसाठी करा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पंढरपूर भागातून आलेले भोपळे वाळत ठेवलेले असतात, ते कापले जातात, त्यांना दांडी बसते, तारांचा नाद खुलवणारी जवारी लावली जाते. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशी एखादी जागा निवडून वर्षानुवर्षे जात राहा. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे आणि संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे जे काम केले, ते असेच दीर्घकाळ एका विषयाशी राहून केलेले आहे. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. अशा कामाने लगेच पैसे येत नाहीत, परंतु लग्नामागून लग्न करताना नजर जी सवयीची होऊन बसते ती त्याने जागी राहते, आणि वीस वर्षे या व्यवसायात काढायची असतील तर मला ते दुसऱ्या बॉडीइतकेच गरजेचे वाटते.

शरीराकडेही आत्तापासून पाहा. दोन बॉडी खांद्यांवर घेऊन बारा-चौदा तास उभे राहणाऱ्यांची पाठ आणि गुडघे चाळिशीच्या आत बोलू लागतात, आणि डीजेच्या भिंतीशेजारी काढलेल्या रात्री कानांना बाधतात. दोन्ही खांद्यांवर भार विभागणारा पट्टा, कानांत बोळे आणि स्वतःचा आरोग्य विमा यांचा खर्च वर मांडलेल्या हिशेबात धरा.

बाबांना वादाने पटवू नका. त्यांच्या मनात कलेविषयी आकस नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे येतील का, ही त्यांची काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्यांना तुमची वही दाखवा, त्यात वर्षभराच्या तारखा, आलेले अ‍ॅडव्हान्स, खर्च आणि चातुर्मासासाठी बाजूला ठेवलेली रक्कम असू द्या. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय दुसऱ्यांच्या ऑर्डर पूर्ण सोडणार नाही, असे त्यांना स्वतःहून सांगा. स्थळांच्या बाबतीत एकच आग्रह धरा. पहिल्याच भेटीत, तुम्ही स्वतः, मुलाला आणि त्याच्या घरच्यांना सांगा की हंगामात रात्री उशिरा परतावे लागते, सगळ्या नातलगांच्या लग्नांत तुम्ही पाहुण्या म्हणून बसू शकणार नाही, आणि हे काम लग्नानंतरही चालू राहणार आहे. ‘नंतर बघू’ या उत्तरावर समाधान मानू नका. लग्नाने गाव बदलले तर ओळखीच्या बळावर मिळणाऱ्या ऑर्डर नव्याने उभ्या कराव्या लागतील, तेव्हा तो हिशेबही निर्णयात धरा.

या व्यवसायात आयुष्य काढता येते का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, मात्र लग्नाच्या कामाला दुसऱ्या एखाद्या कामाची जोड मिळाली तर. नुसत्या लग्नांवर पंचेचाळिशीपर्यंत त्याच जोमाने धावता येत नाही.

आता मालकांविषयी. हंगामाच्या तोंडावर सांगू नका. त्यांनी तुमच्या भरवशावर तारखा घेतलेल्या असतील. आषाढी एकादशीनंतर, ऑर्डर थांबल्या की, प्रत्यक्ष भेटून सांगा. तुमच्या नावावर कबूल झालेल्या कार्तिकानंतरच्या तारखा तुम्ही त्यांच्याच दराने पूर्ण कराल, हे आधी बोला, आणि त्यांच्या ऑर्डरवर भेटलेल्या पार्टीकडे स्वतःचे कार्ड देणार नाही, हेही सांगा आणि पाळा. येणे असलेली रक्कम तारखांसह लिहून त्याच भेटीत द्या व ती कधी मिळेल ते विचारा. त्यांच्याकडचे तुमचे काही सामान किंवा डिस्क असतील तर त्याच आठवड्यात आणा. नंतर त्यांनी एखाद्या मोठ्या लग्नाला दुसरी फोटोग्राफर म्हणून बोलावले आणि तुमची तारीख मोकळी असली, तर नव्या दराने अवश्य जा.